प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचं घेताना : उद्धरण, संदर्भ आणि श्रेय

प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भग्रंथ’ असं लिहून खाली आठ-दहा पुस्तकांची नावं टाकली की श्रेय देऊन झालं, असा समज पक्का बसलेला आहे. तो फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांचा नाही, एमएचं लघुशोधप्रबंध लिहिणारेही तसंच धरून चालतात. तपासणारा मात्र ती यादी सगळ्यात शेवटी बघतो. वाचताना त्याच्या डोक्यात पानोपानी एकच प्रश्न असतो : हे वाक्य कुणाचं? मुलाचं, पुस्तकाचं, की पुस्तकानं ज्याचा दाखला दिलाय त्या तिसऱ्याचं? याचं उत्तर त्याला तिथल्या तिथे, त्याच ओळीत मिळायला हवं. कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, हे सगळं त्या उत्तराच्या सोयीसाठी आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे फील्ड प्रोजेक्ट आणि रिसर्च प्रोजेक्ट आता जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतात. कोल्हापूरच्या कॉलेजांत गूळ, चप्पल, महापूर, तालमी, रंकाळा आणि शाहू महाराज यांच्यावर दरवर्षी ढीगभर प्रोजेक्ट जमा होतात, त्यामुळे पुढची उदाहरणं तिथलीच घेतली आहेत. ज्यांनी याआधी कधी असं लिखाण केलेलं नाही, त्यांना समोर ठेवून हे लिहितोय.

लिहायला बसण्याआधी एक प्रश्न विचारून घ्या

मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना विचारा : संदर्भ कोणत्या पद्धतीनं द्यायचे? वाणिज्य, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्रात बहुतेक वेळा एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) असतं, भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची), आणि इतिहासात तळटीपा. एपीएमध्ये वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव आणि वर्ष येतं. एमएलएमध्ये वर्षाऐवजी पानाचा क्रमांक येतो. तळटीपेत वाक्याच्या शेवटी छोटा आकडा आणि पानाच्या तळाशी पूर्ण माहिती. विभागानं स्वतःचा नमुना दिला असेल तर तोच वापरा, इंटरनेटवर काय सापडलं ते सांगत बसू नका. पद्धत कोणतीही चालते, फक्त एकाच प्रोजेक्टात दोन पद्धती नकोत. पहिल्या प्रकरणात कंस आणि तिसऱ्यात तळटीपा दिसल्या की ही दोन प्रकरणं दोन वेगळ्या ठिकाणांहून आली आहेत, हे परीक्षकाला न वाचताच कळतं.

खरं काम टिपणं काढताना होतं

उचलेगिरीची बरीच प्रकरणं मुद्दाम केलेली नसतात. डिसेंबरात एका पुस्तकातून वहीत चार ओळी उतरवल्या, मार्चमध्ये वही उघडली, आणि त्या ओळी आपल्याच वाटल्या. मग त्या तशाच टाइप झाल्या. हे टाळायचं असेल तर टिपण काढतानाच खूण करायची सवय लागते.

साधी रीत अशी. पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवत असाल तर अवतरणचिन्ह लगेच, पहिल्या शब्दाआधी टाका, नंतर टाकू म्हणून ठेवू नका. पुस्तकाचा मुद्दा आपल्या शब्दांत लिहिला असेल तर अवतरण नको, पण पान क्रमांक हवाच. आणि वाचताना स्वतःला जे सुचलं त्याच्या आधी ‘मी :’ असं लिहा. वहीच्या एकाच पानावर हे तिन्ही प्रकार शेजारी असले तरी वर्षभरानंतरसुद्धा गोंधळ होत नाही.

आता बहुतेक जण वहीच वापरत नाहीत, मोबाइलवर फोटो काढतात. हरकत नाही. पण विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात किंवा भाऊसिंगजी रोडवरच्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून वीस पानांचे फोटो काढायचे आणि पुस्तकाचं नाव असलेल्या पानाचा काढायचाच नाही, हे फार वेळा घडतं. क्रम ठरवून घ्या : आधी मुखपृष्ठ, मग शीर्षकाचं पान, मग त्या पानाची मागची बाजू, आणि मग हवी ती पानं. मागच्या बाजूला प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती असते. फोटो काढताना पान दाबून धरायला अंगठा नेमका खालच्या कोपऱ्यात जातो, आणि पान क्रमांक तिथेच छापलेला असतो. अंगठा वरच्या कडेला ठेवा.

आवृत्तीकडे नीट बघा. जुन्या मराठी पुस्तकांच्या मागच्या पानावर पहिल्या आवृत्तीचं वर्ष, दुसरीचं, पुनर्मुद्रणाचं अशी तीन-चार वर्षं एकाखाली एक असतात. तुमच्या हातात जी आवृत्ती आहे तिचं वर्ष लिहायचं, कारण पान क्रमांक तिचेच आहेत. तुकोबांच्या गाथेतला अभंग देताना तर आवृत्तीशिवाय नुसता अभंग क्रमांक देऊन उपयोग नाही, वेगवेगळ्या गाथांमध्ये क्रमांक वेगळे आहेत.

व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मजकूर पाठवून ठेवणाऱ्यांना एक विनंती : मजकुराबरोबर लिंक आणि तारीख पण पाठवा. नुसता मजकूर पाठवलात तर तीन आठवड्यांनी तो कुठून आला हे कोणीच सांगू शकणार नाही.

कशाला श्रेय लागतं, कशाला नाही

कोल्हापूर पंचगंगेच्या काठी आहे, याला संदर्भ लागत नाही. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, यालाही नाही, कारण ते कुठल्याही शाळकरी पुस्तकात आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती, असं लिहिलंत की जनगणनेचा दाखला लागतो, कारण हा आकडा कुणीतरी मोजलेला आहे आणि वाचणाऱ्याला तो ताडून बघायचा असू शकतो. महाराजांनी अमुक निर्णय अमुक कारणानं घेतला, असं एखाद्या अभ्यासकाचं मत तुम्ही वापरलंत, तर त्याचं नाव हवंच. घटना सगळ्यांची असते, पण तिचा अर्थ लावण्याचे कष्ट कुणा एकाचे असतात.

तक्ता, नकाशा, फोटो, आलेख यांच्या खाली लगेच ‘स्रोत :’ लिहा. फोटोखाली ‘स्रोत : गूगल’ लिहिणं म्हणजे स्रोत न लिहिणंच आहे. गूगलनं तो फोटो काढलेला नाही, फक्त दाखवला. ज्या संकेतस्थळावर तो आहे ते उघडा, फोटो कुणाचा आहे ते शोधा. नाही सापडलं तर तो फोटो सोडा आणि स्वतः जाऊन काढा. रंकाळ्याचा फोटो काढायला कोल्हापूरकराला काय अडचण आहे? खाली ‘छायाचित्र : स्वतः’ आणि तारीख लिहा, काम झालं.

दोन गोष्टी मुलांच्या लक्षात येत नाहीत. एक, मांडणीलाही श्रेय लागतं. एखाद्या लेखानं गुळाच्या धंद्याच्या अडचणी पाच भागांत मांडल्या आणि तुम्ही तेच पाच भाग त्याच क्रमानं घेतलेत, तर प्रत्येक शब्द तुमचा असला तरी सांगाडा त्याचा आहे. दुसरं, मागच्या सेमिस्टरला स्वतःच लिहिलेली असाइनमेंट या वर्षी पुन्हा लावायची असेल तर सरांना विचारून आणि तसं नोंदवूनच लावा.

जसंच्या तसं घेताना

थेट उद्धरण कमी असावं. ज्या वाक्याचे शब्दच महत्त्वाचे आहेत तेच घ्यावं : कायद्याचं कलम, आदेशाचा मजकूर, कवितेची ओळ, एखादी व्याख्या, किंवा ज्या विधानावर तुम्हाला वाद घालायचा आहे ते. ‘पर्यटन हा आजच्या काळातील महत्त्वाचा उद्योग आहे’ असलं वाक्य अवतरणात कशाला?

घेतलंत की त्याला हात लावायचा नाही. जुन्या छापील मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ आजच्यापेक्षा वेगळे असतात, अनुस्वार जास्त असतात. ते सुधारायचे नाहीत. छपाईची उघड चूक दिसली तर तिच्यापुढे चौकटी कंसात [मूळ तसेच] लिहा, म्हणजे ती तुमची टायपिंगची चूक ठरत नाही. मधले शब्द गाळले तर तिथे तीन टिंबं. अर्थ लागावा म्हणून एखादा शब्द घातला तर तो चौकटी कंसात : ‘त्यांनी [शाहू महाराजांनी] हुकूम दिला’. गाळताना मूळ अर्थ उलटा होत नाही ना, तेवढं बघा. ‘परंतु’च्या आधी वाक्य तोडून अर्धंच वापरणं, ही अवतरणचिन्हं लावूनही केलेली लबाडी आहे.

लांबीचा नियम पद्धतीनुसार बदलतो. एपीएमध्ये ४० किंवा त्याहून जास्त शब्दांचं उद्धरण वेगळ्या परिच्छेदात, समास आत घेऊन, अवतरणचिन्हांशिवाय देतात. एमएलएमध्ये चार ओळींपेक्षा जास्त गद्य आणि तीन ओळींपेक्षा जास्त कविता असेल तर तसं करतात. पान क्रमांक दोन्हीकडे लागतो. उद्धरण दिलं की त्याच्याबद्दल एखाद-दोन वाक्यं तुमची हवीत. एकामागोमाग चार उद्धरणं चिकटवली की ते प्रकरण राहत नाही, कात्रणांची वही होते.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे नेमकं कसं

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून एक नमुना घेऊन बघू. खालचं वाक्य मीच रचलंय, ते ‘पाटील’ यांच्या २०१५ च्या पुस्तकात ४२ व्या पानावर आहे असं समजा. पाटील हे नाव कोल्हापुरात कुठेही खपतं.

मूळ : ‘गुऱ्हाळाचा हंगाम ऊसतोडीवर ठरतो, पण गुळाचा भाव बाजार समितीच्या सौद्यात ठरतो, त्यामुळे गुऱ्हाळमालकाच्या हातात फक्त गुळाची प्रत उरते.’

बहुतेक प्रोजेक्टांत ते असं येतं : गुऱ्हाळांचा सीझन ऊसतोडणीवर अवलंबून असतो, मात्र गुळाची किंमत मार्केट यार्डातल्या लिलावात निश्चित होते, म्हणून गुऱ्हाळ चालवणाऱ्याकडे केवळ गुळाचा दर्जा शिल्लक राहतो.

इथे एकही शब्द सारखा राहू नये अशी धडपड केलीय, पण वाक्य पाटलांचंच आहे. तेच तीन तुकडे, तोच क्रम, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. हंगामचं सीझन केलं म्हणून ते आपलं होत नाही. कंसात पाटलांचं नाव नसेल तर ही सरळ उचलेगिरी, आणि नाव असलं तरी हे धड उद्धरणही नाही आणि धड स्वतःचं लेखनही नाही.

आता असं करा. मूळ परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि शेजारच्या मित्राला सांगायचं झालं तर काय सांगाल ते लिहा. मग पुस्तक उघडून ताडून बघा. काहीसं असं येईल :

गुऱ्हाळमालकाचा भावावर ताबा नसतो, कमाई वाढवायची तर त्याला गुळाची प्रतच सुधारावी लागते, असं पाटील (२०१५, पृ. ४२) यांचं म्हणणं आहे. मी पाहिलेल्या गुऱ्हाळांपैकी जे मालक थेट गिऱ्हाइकाला गूळ विकतात, ते मात्र भाव स्वतःच सांगत होते.

पहिल्या वाक्यात पाटील काय म्हणतात ते आलं, आणि ते पाटलांचं आहे हे वाक्य वाचतानाच कळलं. दुसरं वाक्य तुमचं, तुमच्या पाहणीचं. दोघांमधली शिवण दिसते आहे, आणि ती दिसायलाच हवी. परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकदाच कंसात नाव टाकण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ही शिवण लपते. आठ ओळींच्या शेवटी ‘(पाटील, २०१५)’ दिसलं तर वाचणाऱ्यानं आठही ओळी पाटलांच्या समजायच्या की शेवटचीच? म्हणून मजकुरातच ‘पाटील यांच्या मते’, ‘पाटील दाखवून देतात की’, ‘याउलट’ असे शब्द पेरा. पुढे सलग त्यांचंच सांगत असाल तर ‘ते पुढे म्हणतात’ एवढं पुरे, प्रत्येक ओळीला कंस नको.

इंग्रजीतून मराठीत आणलं म्हणजे आपलं झालं?

नाही. मराठी माध्यमाच्या मुलांचा हा सर्वांत मोठा घोळ आहे. विषयावर मराठीत फारसं सापडत नाही, इंग्रजी लेख मिळतो, तो भाषांतराच्या अॅपमध्ये टाकला जातो आणि आलेलं मराठी थेट प्रोजेक्टात जातं. उचलेगिरी तपासणाऱ्या मशीनला (सॉफ्टवेअरला) सापडणार नाही, अशी खात्री असते. मशीनला नाही सापडलं तरी माणसाला सापडतं. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की’, ‘एक महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ असं पान भरून आलं की ते मराठीत सुचलेलं नाही, हे ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही.

इंग्रजी लेखातला मुद्दा घेतला तर वरच्यासारखंच नाव-वर्ष द्या. वाक्यच भाषांतर करून अवतरणात घेतलंत, तर कंसात शेवटी ‘अनुवाद माझा’ असं जोडा. तुमचा अनुवाद चुकला तर दोष मूळ लेखकाच्या माथी जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. पारिभाषिक शब्दाला मराठी प्रतिशब्द पहिल्यांदा वापरताना तो कुठल्या कोशातून घेतला तेही सांगता आलं तर उत्तम.

पुस्तकातलं पुस्तक

२६ जुलै १९०२ च्या आदेशानं शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांमधल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. शाहू महाराजांवरच्या जवळपास प्रत्येक प्रोजेक्टात हा आदेश येतो आणि खाली संदर्भ असतो : ‘करवीर सरकारचे गॅझेट, १९०२’. आता हे गॅझेट उघडून पाहिलेली मुलं किती असतील? आदेश बहुतेकांनी एखाद्या चरित्रात किंवा लेखात वाचलेला असतो. त्या लेखकानं गॅझेट शोधलं, वाचलं, त्यातला मजकूर उतरवून घेतला. विद्यार्थी त्याचं नाव गाळून थेट गॅझेटवर उडी मारतो, आणि शोधण्याचं श्रेय फुकट स्वतःकडे घेतो. शिवाय त्या लेखकाकडून उतरवताना एखादा शब्द चुकला असेल तर ती चूकही आपल्या नावावर येते.

प्रामाणिक लिहायचं तर असं : (करवीर सरकारचे गॅझेट, १९०२, उद्धृत : पाटील, २०१५, पृ. ८८). यादीत फक्त पाटील येतील, कारण वाचलंत ते पाटलांना. याच्यात काही कमीपणा नाही. जमत असेल तर मात्र मूळ कागद बघायला जा. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, आणि संस्थानी काळाच्या कागदांवर काम करायला ही सोय फार थोड्या शहरांतल्या मुलांना मिळते. तिथला कागद वापरला तर कार्यालयाचं नाव, दफ्तर किंवा विभाग, रुमालाचा (कागदांच्या गाठोड्याचा) किंवा फाइलचा जो क्रमांक असेल तो, आणि कागदाची तारीख लिहून घ्या. पुढच्या माणसाला नेमका तोच कागद मागवता आला पाहिजे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचंही (इंग्रजांच्या काळातल्या, भागाभागाची माहिती देणाऱ्या ग्रंथमालेचं) असंच होतं. त्याचा कोल्हापूरवरचा २४ वा खंड १८८६ चा आहे. त्यातली शेतीची माहिती ‘कोल्हापुरात अमुक पीक घेतले जाते’ अशी वर्तमानकाळात उतरवलेली मी पाहिली आहे. वर्ष वाक्यातच घातलं असतं, ‘१८८६ च्या गॅझेटिअरनुसार’, तर हा विनोद झाला नसता.

माणसानं सांगितलेलं

फील्ड प्रोजेक्टातला सगळ्यात मोलाचा भाग पुस्तकात नसतो, आणि श्रेयही नेमकं तिथेच बुडतं. गुऱ्हाळावर जा. काहिलीत (मोठ्या कढईत) रस उकळतोय, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढून टाकली जातेय, खाली चुलवाणात जाळव्या (जाळ सांभाळणारा) चिपाडं सारतोय, आणि गुळव्या (गूळ तयार करणारा जाणता कारागीर) पाकाकडे बघून काहील कधी उतरवायची ते ठरवतोय. तो हे कशावरून ठरवतो, ते त्यानं तुम्हाला सांगितलं. प्रोजेक्टात हे येतं : ‘गुळाचा पाक तयार झाला की तो काहिलीतून काढला जातो.’ कुणाचं हे ज्ञान? वाचणाऱ्याला वाटतं, तुमचंच.

त्याऐवजी मुलाखत घेताना आधी विचारा : तुमचं नाव लिहू का, फोन रेकॉर्ड करू का? हो म्हणाले तर नाव, काम, गाव आणि तारीख लिहा. नको म्हणाले तर ‘करवीर तालुक्यातले एक गुळव्या, वैयक्तिक मुलाखत’ आणि तारीख. नाव नको म्हणणारे बरेच भेटतात, विशेषतः मजुरी आणि कर्जाबद्दल बोलताना, आणि तिथे आग्रह धरू नये. एपीएमध्ये अशी मुलाखत फक्त मजकुरात कंसात येते, शेवटच्या यादीत येत नाही, कारण वाचकाला ती कुठे जाऊन मिळवता येत नाही. एमएलएमध्ये मात्र यादीतही येते.

आणि त्यांचं बोलणं अवतरणात घेतलंत तर ते त्यांच्याच बोलीत ठेवा. ‘लई कढला तर करपतोय बघा’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ‘अति उकळल्यास तो करपतो’ करून वर अवतरणचिन्ह लावायचं नाही. प्रमाण मराठीत सांगायचं असेल तर अवतरण काढा आणि स्वतःच्या वाक्यात सांगा.

कोल्हापुरी चपलेवर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे. ही माहिती अधिकृत नोंदणीतून घ्या आणि तसा संदर्भ द्या. पण चामडं कमावण्याची किंवा वेणी घालण्याची रीत तुम्हाला कारागिरानं दाखवली असेल, तर तिथे त्याचं नाव हवं.

शेवटची यादी

मराठी पुस्तकाची नोंद एपीएच्या वळणानं अशी होते : आडनाव, नावाची आद्याक्षरं, कंसात वर्ष, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात, प्रकाशन. लेख असेल तर लेखाचं नाव साधं, मासिकाचं नाव तिरपं, मग खंड, अंक, पानं. संपादित ग्रंथातला लेख वापरला तर नोंद लेखकाच्या नावानं करायची, संपादकाचं नाव नंतर येतं. याच्या उलट करणारेच जास्त दिसतात.

यादीत मराठी नोंदी अ पासून ज्ञ पर्यंत लावा, इंग्रजी नोंदींचा वेगळा गट करा, आणि कुठला गट आधी ते विभागाला विचारा. दोन वेगवेगळे पाटील असतील, आणि आपल्याकडे ते असतातच, तर मजकुरातही आद्याक्षरं लावा. एकाच पाटलांची एकाच वर्षी दोन पुस्तकं असतील तर २०१५अ आणि २०१५ब.

मराठी विश्वकोशातली नोंद वापरणारे नुसतं ‘विश्वकोश’ लिहून मोकळे होतात. प्रत्येक नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते बघा आणि त्या नावानं संदर्भ द्या. विकिपीडिया वाचायला काहीच हरकत नाही, पण संदर्भ द्यायचा तो तिच्या तळाशी दिलेल्या मूळ स्रोताचा, तोही स्वतः उघडून वाचल्यावर. वर्तमानपत्राच्या बातमीला तारखेबरोबर आवृत्ती लिहा. कोल्हापूर आवृत्तीतली बातमी पुणे आवृत्तीत त्याच पानावर असेल, किंवा असेलच, याची काही हमी नसते.

हे सगळं हातानं करायला कंटाळा येत असेल तर झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. माहिती एकदा भरली की ते पाहिजे त्या पद्धतीत यादी करून देतं. मराठी नोंदींमध्ये ते मधेच इंग्रजी ‘अँड’ आणि ‘एट अल.’ टाकतं, ते शेवटी ‘आणि’ व ‘व इतर’ करून घ्यावं लागतं.

टक्क्यांची भीती

‘सर, दहा टक्के चालतंय न्हवं?’ हा प्रश्न विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमांतून आला आहे. प्रबंध-लघुप्रबंधांसाठी त्यात चार पायऱ्या आहेत. तपासणीच्या सॉफ्टवेअरला दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य सापडलं तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर सुधारून, जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या आत पुन्हा सादर करायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली उद्धरणं, संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याचा मजकूर, प्रमाण समीकरणं हे सगळं मोजणीतून वगळलं जातं.

म्हणजे पानाला दहा ओळींत एक ओळ ढापायची मुभा आहे, असा याचा अर्थ नाही. त्याच नियमांत म्हटलंय की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत साम्य असताच कामा नये. मुलं प्रस्तावना घासूनपुसून नीट करतात आणि निष्कर्ष एखाद्या जुन्या प्रबंधातून उचलतात, त्यांनी हे वाचावं. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, शिवाजी विद्यापीठाचेही प्रबंध आहेत. मांडणी कशी करतात हे शिकायला ते जरूर उघडा. पण तिथून उचललेलं तपासणीत लपून राहील, या भरवशावर राहू नका.

मराठीत सॉफ्टवेअर पुष्कळदा चकतं, हे खरं आहे. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर नीट वाचलाच जात नाही. त्यामुळे शून्य टक्के आलेलं मराठी प्रोजेक्टही उचललेलं असू शकतं, आणि त्याच विषयाची पुस्तकं शिकवत आलेल्या सरांना ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

कॉपीराइट हा वेगळा विषय, पण मुलं दोन्ही एकत्र करतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकाचा कॉपीराइट संपतो. महात्मा फुल्यांचं निधन १८९० मधलं, त्यामुळे त्यांचं लेखन कुणीही छापू शकतो. म्हणून त्यांचा उतारा नाव न देता प्रोजेक्टात घालता येतो का? अर्थातच नाही. उलट, कॉपीराइट असलेल्या पुस्तकातला छोटा उतारा अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी वापरायला १९५७ च्या कायद्याचं ५२ वं कलम वाव देतं, त्यासाठी प्रकाशकाला पत्र लिहायची गरज नसते.

एआयचं काय करायचं

आधी विभागाचा नियम विचारा. वापरायला परवानगी असेल तर कशासाठी वापरलं ते लिहून ठेवा आणि प्रोजेक्टात नमूद करा. पण त्याच्याकडून संदर्भ मागू नका. चॅटजीपीटीसारखी साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं लेखक, वर्ष आणि प्रकाशनासकट ऐटीत सांगतात. मराठी विषयांत तर जास्तच. यादीतलं प्रत्येक पुस्तक तुम्ही हातात धरलेलं किंवा पडद्यावर उघडलेलं असलं पाहिजे.

तयार प्रोजेक्ट विकणारेही आहेत, नाव आणि रोल नंबर बदलून देतात. त्यांच्याकडे एकच फाइल वर्षानुवर्षं फिरत असते, आणि ती शेजारच्या कॉलेजातही जमा झालेली असते. एवढं सांगितलं तरी पुरे.

स्पायरल बाइंडिंगच्या आदल्या दिवशी

प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. मजकुरातला प्रत्येक कंस यादीत शोधा, सापडला की खूण करा. मग उलटं : यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे आली ते बघा. जी कुठेच नाही ती एपीए आणि एमएलएमध्ये यादीतून काढायची, मग ती कितीही वजनदार दिसू दे. तळटीपा असतील तर ‘तत्रैव’कडे विशेष लक्ष द्या. तत्रैव म्हणजे लगेच वरच्याच टिपेतलं पुस्तक. लिहिताना परिच्छेद इकडचे तिकडे केले, मध्ये नवी टीप घुसली, की तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. म्हणून पहिल्या कच्च्या प्रतीत तत्रैव वापरूच नका, पूर्ण संदर्भ द्या, आणि सगळं पक्कं झाल्यावर शेवटच्या दिवशी बदला.

डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं असेल तर अवतरणचिन्हं आणि तिरपी अक्षरं पुन्हा तपासा. फॉन्ट बदलताना पहिला बळी त्यांचाच जातो, आणि अवतरणचिन्ह उडालं की तुम्ही इमानदारीनं दिलेलं उद्धरण कागदावर उचललेलं दिसतं.

पुस्तकांच्या पानांचे फोटो आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग व्हायवा होईपर्यंत फोनमधून उडवू नका. बाहेरचे परीक्षक बरेचदा यादीतल्या एखाद्याच नोंदीवर बोट ठेवून विचारतात, ‘हे कुठं मिळालं तुम्हाला?’ त्या वेळी ग्रंथालयाचं नाव आणि पान सांगता आलं, तर पुढचा प्रश्न विषयावर येतो.